जगन्नाथ शंकरशेट

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे ऊर्फ नाना शंकरशेट (१० फेब्रुवारी १८०३ – ३१ जुलै १८६५) हे मुंबईतील व्यापारी, दानशूर आणि शिक्षणप्रसारक होते. भारतीय रेल्वेच्या उभारणीतील त्यांचा वाटा सर्वश्रुत आहे. शिक्षण मराठीत असावे की इंग्रजीत, या वादातील त्यांची भूमिका मात्र तुलनेने कमी परिचित आहे.

त्यांचे घराणे मूळचे मुरबाडचे. वडिलांच्या पश्चात तरुण वयातच पेढीची जबाबदारी त्यांच्यावर आली. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या प्रोत्साहनाने स्थापन झालेल्या मुंबईच्या शिक्षणसंस्थेचे ते प्रारंभापासूनचे कार्यकर्ते होते. १८४० मध्ये सरकारने शिक्षण मंडळ नेमले, तेव्हा त्यावर त्यांची निवड झाली.

१८४३ मध्ये सर एर्स्किन पेरी मंडळाचे अध्यक्ष झाले. पैसा थोडा असल्याने तो वरच्या वर्गाच्या उत्तम इंग्रजी शिक्षणावर खर्चावा, आणि अनेक भाषा बोलणाऱ्या इलाख्यात इंग्रजी हीच समाईक भाषा व्हावी, असे त्यांचे मत होते. नानांनी १८४७ मध्ये टिपण लिहून याला विरोध केला. फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि जॉर्ज जर्व्हिस हे त्यांच्या बाजूचे होते. जर्व्हिस यांनी १८२० च्या दशकातच अभियांत्रिकीचे वर्ग देशी भाषांतून चालवून गणिताची मराठी पुस्तके सिद्ध करविली होती. त्यामुळे मराठीत शास्त्र शिकविता येत नाही हा आक्षेप आधीच खोटा ठरला होता.

नाना इंग्रजीचे विरोधक नव्हते. ते स्वतः इंग्रजी जाणत होते आणि एल्फिन्स्टन विद्यालयाचे आधारस्तंभही होते. ज्यांना सवड व ऐपत आहे त्यांनी इंग्रजी शिकावी. परंतु बहुजनांपर्यंत ज्ञान जायचे तर ते त्यांच्याच भाषेतून जाईल, एवढाच त्यांचा आग्रह होता. मंडळात उघड फळी पडली आणि सरकारशी बराच पत्रव्यवहार होऊनही वाद मिटला नाही.

१८५४ च्या वुड यांच्या खलित्याने उच्च शिक्षण इंग्रजीत आणि सर्वसामान्यांचे शिक्षण देशी भाषांत, अशी वाटणी केली. त्याच वर्षी नागपूरचे भोसले राज्य खालसा झाल्याने आजच्या भंडारा-गोंदिया भागातील शिक्षणही पुढे याच धोरणाखाली आले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले, नाना त्याचे आरंभीचे फेलो होते. पण काही वर्षांतच मराठी पदवी परीक्षांतून वगळली गेली. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रयत्नांनंतर ती १९०१ मध्ये एम. ए. पुरती परतली.

१८४९ मध्ये मुलींच्या शाळेसाठी नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली होती. १८६२ मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. मॅट्रिकला संस्कृतात प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यास मिळणारी शिष्यवृत्ती त्यांच्याच नावाची होती. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे.