तीन वर्षांची पुंजी

पनवेल हे कोकणचे प्रवेशद्वार. तेथून दक्षिणेकडे निघालेला महामार्ग पेण, माणगाव ही गावे मागे टाकीत महाडला पोहोचतो. महाडच्या पलीकडे, मंडणगड तालुक्यात, आंबडवे नावाचे एक लहानसे खेडे आहे. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांच्या घराण्याचे हे मूळ गाव. भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून आपण सारे त्यांना ओळखतो. परंतु ज्या विद्येच्या बळावर त्यांनी हे महत्कार्य पार पाडले, ती विद्या त्यांनी किती सायासाने संपादन केली, हेही आपण जाणून घेतले पाहिजे. त्यासाठी आपल्याला त्यांच्या विद्यार्थिदशेत डोकावावे लागेल.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते. ते निवृत्त झाल्यावर काही काळाने हे कुटुंब साताऱ्यास राहू लागले. तेथील शाळेत भीमराव जाऊ लागले, पण अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मल्यामुळे त्यांना इतर मुलांत बसण्याची मुभा नव्हती. घरून आणलेल्या गोणपाटाच्या तुकड्यावर ते वेगळे बसत आणि शाळा सुटली की तो तुकडा उचलून घरी नेत. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची त्यांना बंदी होती. शाळेचा शिपाई नळ उघडून देई, तेव्हाच पाणी मिळे. शिपाई जवळपास नसला, तर तहान तशीच सोसावी लागे. पुढे मुंबईस संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही त्यांना ती भाषा शिकवण्यात आली नाही. तेव्हा त्यांनी फारसी घेतली. १९०७ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिल्यामुळे एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर होणे त्यांना शक्य झाले.

१९१३ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दुःख आणि भाग्य अशी दोन्ही घेऊन आले. २ फेब्रुवारी रोजी वडिलांचे निधन झाले. मुलाने खूप शिकावे, म्हणून ज्यांनी स्वतः काटकसर केली, कर्ज काढून पुस्तके आणली, ते रामजी सुभेदार काळाच्या पडद्याआड गेले. त्यानंतर थोड्याच महिन्यांनी, बडोदे सरकार काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत उच्च शिक्षणासाठी पाठवणार असल्याचे समजले. त्यांत भीमरावांची निवड झाली. ४ जून रोजी करारपत्रावर सह्या झाल्या. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळावी आणि शिक्षण संपल्यावर भीमरावांनी दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असे ठरले. पत्नी रमाबाई, तान्हे मूल व वडील बंधूंचे कुटुंब यांना मुंबईत ठेवून बावीस वर्षांच्या या तरुणाने समुद्रप्रवास आरंभला. जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले.

न्यूयॉर्क शहराच्या वरच्या भागात कोलंबिया विद्यापीठाच्या भव्य इमारती उभ्या आहेत. त्यांच्या मध्यभागी, रुंद पायऱ्यांच्या वर, घुमटाखाली त्या काळी विद्यापीठाचे मुख्य ग्रंथालय होते. भीमराव प्रथम हार्टले हॉल नावाच्या वसतिगृहात राहिले. तेथील जेवण त्यांना मानवले नाही. मग काही दिवस ते परदेशी विद्यार्थ्यांच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात राहिले आणि शेवटी लिव्हिंगस्टन हॉलमध्ये एका खोलीत स्थिरावले. नवल भथेना नावाचा पारशी तरुण तेथे त्यांचा सोबती होता. ही मैत्री पुढे जन्मभर टिकली.

या शहरात त्यांना एक विलक्षण अनुभव आला. वर्गात कोणत्याही बाकावर बसावे, सर्वांबरोबर एकाच मेजावर जेवावे, नळ उघडून हवे तेव्हा पाणी प्यावे. त्यांची जात विचारणारे तेथे कोणी नव्हते. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेल्या मुलाला हे केवढे मोठे वाटले असेल, याची कल्पना तुम्हीच करा!

सुरुवातीचे काही महिने नव्या नगरीच्या नवलाईत, खेळांत आणि नाटके पाहण्यात गेले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. परंतु लवकरच मनात विचारांचे काहूर उठले. घरी माणसे हालअपेष्टा सोसत आहेत; महाराजांचे पैसे खर्च होत आहेत; आणि आपले दिवस हातातून निसटत आहेत. ही टोचणी लागली आणि त्या दिवसापासून त्यांचा दिनक्रम पार बदलला. तीन वर्षे म्हणजे आपल्याला मिळालेले कर्ज आहे आणि त्यातील एकही तास वाया घालवण्याचा आपल्याला अधिकार नाही, अशा निष्ठेने ते अभ्यासाला लागले.

दिवसाचा बहुतेक वेळ व्याख्यानांत आणि ग्रंथालयात जाई. दिवसाकाठी अठरा अठरा तास ते अभ्यासात घालवीत. साडेअकरा पौंड म्हणजे त्या वेळचे सुमारे छप्पन्न डॉलर. त्यातूनच राहण्याचा, जेवणाचा व पुस्तकांचा खर्च भागवावा लागे आणि घरीही पैसे पाठवावे लागत. म्हणून जेवणात काटकसर करावी लागली. कॉफीचा पेला, एकदोन लहान गोड पाव आणि थोडे मांस किंवा मासळी एवढ्यावर ते गुजराण करीत. चैन अशी एकच होती आणि ती म्हणजे जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हिंडणे. अशा रीतीने त्यांनी तेथे सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले. पोटाला चिमटा घेऊन विकत घेतलेला हा ठेवा होता.

अर्थशास्त्र हा त्यांचा मुख्य विषय. प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांचे त्यांना मार्गदर्शन लाभले. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांच्या व्याख्यानांचा त्यांच्या विचारांवर कायमचा ठसा उमटला. तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ अभ्यासक्रम घेतले. शिवाय फ्रेंच व जर्मन भाषांचाही प्रारंभ केला. या व्यापातही त्यांचे मन मायदेशी गुंतलेले असे. वडिलांच्या एका स्नेह्यास लिहिलेल्या पत्रात, मुलांबरोबर मुलींनाही शिक्षण दिल्यास समाजाची प्रगती झपाट्याने होईल, असा विचार त्यांनी मांडला होता.

असे पहिले वर्ष संपले. १९१४ च्या उन्हाळ्यात युरोपच्या क्षितिजावर काळे ढग जमू लागले. २८ जून रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि ऑगस्ट उजाडतो न उजाडतो तोच पहिल्या महायुद्धाचा भडका उडाला. अमेरिका १९१७ पर्यंत युद्धापासून दूर राहिली. त्यामुळे कोलंबियातील व्याख्याने पूर्वीसारखीच चालू राहिली. परंतु इंग्लंड युद्धात उतरल्याने हिंदुस्थानही त्यात ओढला गेला आणि घराकडची सागरी वाट धोक्याची झाली. अमेरिकेतील हिंदी तरुणांत मोठी चलबिचल सुरू झाली. इंग्रज संकटात आहे, तोवरच स्वातंत्र्यासाठी उठावे, असे कित्येकांना वाटू लागले. लाला लजपतराय त्या काळात न्यूयॉर्कला आले. त्यांनी भीमरावांनाही राजकीय चळवळीत येण्याचा आग्रह केला.

प्रसंग कठीण होता. देशप्रेमाची हाक कानांवर पडत असता पुस्तकात डोके घालून बसणे सोपे नव्हते. भीमरावांच्या मनातही पारतंत्र्याची चीड होती. तथापि त्यांनी विचारपूर्वक नकार दिला. महाराजांना दिलेला शब्द मोडून अभ्यास सोडणे त्यांना योग्य वाटेना. शिवाय, ज्या लक्षावधी बांधवांना पाटीला हात लावण्याचाही हक्क नव्हता, त्यांच्यासाठी आपण पूर्ण तयार होऊनच परतले पाहिजे, हे त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांनी पुन्हा ग्रंथालयाची वाट धरली.

या निश्चयाला फळ आले. जून १९१५ मध्ये प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहून ते एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये भारतातील जातिसंस्थेवर त्यांनी एका परिसंवादात निबंध वाचला, तेव्हा त्यांचे वय अवघे पंचवीस वर्षांचे होते. त्यानंतर ते लंडनला गेले आणि तेथे अर्थशास्त्र व कायदा यांचा अभ्यास सुरू केला. परंतु १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले.

आता युद्धाने त्यांना गाठले. त्यांचे सामान आणि ग्रंथ वेगळ्या बोटीने पाठवले होते. ती बोट शत्रूच्या पाणतीराने फुटून समुद्राच्या तळाशी गेली. बोट बुडाल्याची वार्ता मुंबईस आली, तेव्हा घरच्या माणसांच्या काळजाचा ठोका चुकला. ते स्वतः मात्र दुसऱ्या बोटीने ऑगस्टमध्ये सुखरूप मुंबईस पोहोचले. न्यूयॉर्कला एका मित्राच्या हवाली केलेल्या ग्रंथांपैकीही बरेचसे त्यांच्या हाती परत आले नाहीत. बुडालेल्या सामानाची भरपाई म्हणून सुमारे सहाशे रुपये मिळाले, तेच बडोद्याला जाण्यासाठी उपयोगी पडले.

बडोद्यात तर याहून कठोर प्रसंग त्यांची वाट पाहत होता. कोलंबियाची पदवी मिळवून आलेल्या या विद्वानास जातीमुळे त्या शहरात राहायला जागा मिळेना. एका पारशी विश्रामगृहात त्यांनी आसरा घेतला, पण थोड्याच दिवसांत लोकांनी तेथूनही त्यांना हाकलून लावले. सामान घेऊन ते एका बागेत जाऊन बसले आणि झाडाखाली त्यांच्या डोळ्यांत अश्रू उभे राहिले. न्यूयॉर्कने त्यांना माणूस म्हणून वागवले होते. स्वदेशाने मात्र पुन्हा गोणपाटावर बसवले.

पण जे डोक्यात साठवले होते, ते समुद्राला गिळता आले नाही आणि कोणाला हिरावूनही घेता आले नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. तेथे राहिलेला अभ्यास पुरा करून १९२३ पर्यंत ते बॅरिस्टर झाले आणि त्यांनी डी. एस्‌सी. ही पदवीही मिळवली. ग्रंथांचे वेड तर आयुष्यभर सुटले नाही. पुढे दादरला त्यांनी राजगृह हे घर बांधले, ते ग्रंथांना पुरेशी जागा हवी म्हणूनच.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरून भीमरावांनी ओंजळभर पाणी प्राशन केले. त्यांच्यामागून हजारो माणसे पाण्यात उतरली. शाळेच्या नळापाशी शिपायाची वाट पाहत उभा राहणारा मुलगाच आता साऱ्यांसाठी पाण्याचा हक्क मागत होता. पुढे स्वतंत्र भारताची घटना लिहिताना त्यांनी अस्पृश्यता कायद्याने नष्ट केली. १९५२ साली कोलंबिया विद्यापीठाने आपल्या या माजी विद्यार्थ्यास बोलावून सन्माननीय पदवी अर्पण केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कमधील त्या तीन वर्षांतील एकेक तास त्यांनी असा देशाच्या कामी लावला.