सॅनिटरी इंजिनिअर विश्वेश्वरय्या

दरवर्षी १५ सप्टेंबरला आमच्या कॉलेजात पगडीवाल्या फोटोला हार पडतो, दोन भाषणं होतात आणि मग सगळे वडा-चहाकडे वळतात. सेकंड इयरला असताना त्यातलं एक भाषण मीच ठोकलं होतं. कृष्णराजसागर, भारतरत्न, शंभर वर्षांचं आयुष्य, झालं! टाळ्याही पडल्या. पण खरं सांगतो, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मला तेव्हा कळलेच नव्हते. ते कळले फायनल इयरच्या प्रोजेक्टमुळे, आणि तेही एका कोरड्या टाकीखाली उभं राहून.

प्रोजेक्टसाठी एखाद्या गावाची नळपाणी योजना तपासायची होती. राहण्या-जेवणाची सोय होईल म्हणून मी आजोळ निवडलं. टाकीची क्षमता, पाइपचा व्यास, पंपाचा हेड, सगळं कागदावर बरोबर होतं. फक्त पाणी नव्हतं. मोटर जळलेली, वीजबिल थकलेलं, आणि पंप चालवणाऱ्याला पगार कुणी द्यायचा हे कुणी ठरवलेलंच नाही. एवढं शिकतोयस तर हे चालू करून देशील का, असं आजीने सहज विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

होस्टेलला परत आल्यावर गाईड सरांना हे सांगितलं. त्यांनी विश्वेश्वरय्यांच्या आठवणींचं पुस्तक हातात ठेवलं आणि धरणं सोडून मधला भाग वाच म्हणाले.

विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ चा, म्हैसूर संस्थानातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लवकर गेले. बंगळूरला शिकवण्या करून त्यांनी पदवी मिळवली. पुढे म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आपल्या सीओईपीत आले. १८८३ मध्ये पहिल्या क्रमांकाने पास झाले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. पहिलं पोस्टिंग नाशिकला. लवकरच खानदेशात दातर्ती इथे ओढ्याखालून पाइपचा सायफन टाकायचं काम त्यांच्याकडे आलं. पावसाळा तोंडावर होता. काम थोडं पुढे ढकलावं असं त्यांनी वरिष्ठांना कळवलं, पण ते वरिष्ठांना रुचलं नाही. मग या पोराने पुराशी झुंजत तेच काम पूर्ण करून दाखवलं.

पण मला खरं भिडलं ते सक्करचं काम. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सक्कर गाव सिंधू नदीच्या काठावर, पण पाणी इतकं गढूळ की प्यायची पंचाईत. फिल्टर बेड बांधायचे तर नगरपालिकेकडे तेवढा पैसा नाही. सरकारने विश्वेश्वरय्यांना त्या कामावर पाठवलं. पैसे आणा मग बघू, असं म्हणून ते परत आले नाहीत. त्यांनी नदीच्या पात्रातच विहीर घेतली आणि तिच्या तळातून नदीखाली बोगदा खणला. वाळूच्या थरातून झिरपून गाळलेलं पाणी विहिरीत येऊ लागलं. तेच पंपाने जवळच्या टेकडीवर चढवून गावाला दिलं. १८९५ मध्ये योजना सुरू झाली. आपण इन्फिल्ट्रेशन गॅलरीवर व्हायवापुरत्या चार ओळी पाठ करतो ना, त्यामागे असं कुणाचं तरी रिकामं बजेट असतं!

१९०१ मध्ये ते मुंबई सरकारचे सॅनिटरी इंजिनिअर आणि सॅनिटरी बोर्डाचे सभासद झाले. लहान नगरपालिकांकडे तेव्हा स्वतःचा तज्ज्ञ इंजिनिअर कुठला असणार? पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या योजना तपासायच्या, आखायच्या, गावोगाव जाऊन सल्ला द्यायचा, अशी ती नोकरी. धारवाड, विजापूर अशा गावांच्या पाण्याचे प्रश्न त्यांच्या टेबलावर आले. खडकवासल्याच्या सांडव्यावर १९०३ मध्ये बसवलेले आपोआप उघडणारे दरवाजे सगळ्यांना माहीत आहेत. मूळ धरण न वाढवता त्यांनी जास्त पाणी साठवलं. म्हणजे इथेही आहे त्यातच भागवण्याची युक्ती.

१९०६ मध्ये त्यांना एडनला पाठवलं. अरबस्तानच्या टोकाचं हे बंदर त्या काळी मुंबई सरकारच्याच अखत्यारीत होतं. समुद्राचं पाणी उकळून, वाफ थंड करून प्यायचं अशी तिथली गत. विश्वेश्वरय्या उत्तरेला लाहेजच्या बाजूला फिरले. डोंगरातला पाऊस तिथल्या कोरड्या नदीपात्रात मुरतो हे त्यांनी हेरलं आणि पात्रात विहिरी घेऊन ते पाणी शहराला आणायचं सुचवलं. पुन्हा वाळूच मदतीला आली. पाण्याच्या अहवालाबरोबर त्यांनी सांडपाण्याचीही योजना दिली.

एवढं करूनही त्या खात्यात हिंदी माणसाला चीफ इंजिनिअरची खुर्ची मिळणार नाही हे त्यांना दिसत होतं. १९०८ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरात मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं. निजाम सरकारने त्यांना बोलावलं आणि १९०९ मध्ये ते तिथे गेले. पूर अडवायला शहराच्या वरच्या बाजूला जलाशय बांधा आणि शहरात ड्रेनेज करा, असा त्यांचा सल्ला होता. पुढे १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाले. पूर अडवणारी हीच तळी हैदराबादचं पाणीही झाली. ड्रेनेजच्या कामासाठी ते नंतर पुन्हा हैदराबादला गेले. नुसतं पाणी आणून भागत नाही, वापरलेलं पाणी जाणार कुठे हेही इंजिनिअरनेच बघायचं असतं. नळ आले आणि गटारं नाहीत अशा गल्लीतून चालून बघा, लगेच पटेल.

पुढचं आयुष्य भाषणांत येतंच. १९०९ मध्ये म्हैसूरचे चीफ इंजिनिअर, १९१२ ते १९१८ दिवाण, १९५५ मध्ये भारतरत्न, आणि १४ एप्रिल १९६२ रोजी निधन.

आज आपल्याकडे महाराष्ट्र जीवन प्राधिकरण आणि जिल्हा परिषदांचे पाणीपुरवठा विभाग गावांना अशी तांत्रिक मदत देतात. पण आमच्या बॅचला विचाराल तर या नोकरीला कुणी ग्लॅमर देत नाही. मीही देत नव्हतो. गटाराच्या विषयाला आम्ही वर्गात काय नावं ठेवायचो ते इथे छापता येणार नाही!

आजोळची टाकी मी चालू करून दिली, असं लिहायला आवडलं असतं. तसं झालेलं नाही. मी एवढंच केलं की प्रोजेक्ट रिपोर्टला एक प्रकरण जोडलं. महिन्याचं वीजबिल किती, पंप चालवणाऱ्याचा पगार किती, मोटर दुरुस्तीला बाजूला काय ठेवायचं आणि घरटी पट्टी किती पडेल, याचा साधा हिशेब मांडला. एक प्रत मराठीत करून ग्रामपंचायतीत दिली. ग्रामसभेत विषय घेऊ म्हणालेत. मी त्या सभेला जाणार आहे, मग परीक्षा तोंडावर असो की नसो.

व्हायवाला एक्स्टर्नलने विचारलं की या प्रकरणात इंजिनिअरिंग कुठे आहे. मी त्यांना सक्करची गोष्ट सांगितली. मार्क किती पडले ते अजून कळायचंय. पण पुढच्या १५ सप्टेंबरला ज्युनिअर्सपैकी जो कुणी भाषण करेल, त्याने माझ्या रूमवर जरूर यावं. पुस्तक माझ्याकडेच आहे, लायब्ररीचा दंड वाढतोय!