डॉक्टरसाहेबांची गाडी

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण हा लेख मराठीतच लिहायचा होता, कारण तो मामाला वाचायला द्यायचाय.

झालं असं. मामाकडे एक जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे. शेतावरचा रस्ता खराब, म्हणून मागच्या वर्षी त्याने ती चार इंच उचलून घेतली. रुंद टायर, बाहेर आलेले रिम, एकदम झकास! पण थोड्याच दिवसांत स्टिअरिंग थरथरायला लागलं. पन्नासच्या पुढे असताना खड्डा लागला की स्टिअरिंग डावं-उजवं नाचायचं आणि वेग पार कमी केल्याशिवाय थांबायचंच नाही. मामाने मला विचारलं, कारण भाची मेकॅनिकलला! मीही ऐटीत सांगितलं, स्टिअरिंग डॅम्पर बदल. त्याने बदलला. तीन आठवडे सगळं शांत. मग एकदा घाट उतरताना तेच झालं, आणि गाडी कठड्यापासून दोन हातांवर थांबली. मागच्या सीटवर आजी होती. कोणाला काही लागलं नाही, पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी टॉमचं पुस्तक काढलं. अ‍ॅकरमन स्टिअरिंगची आकृती आपण सगळ्यांनीच परीक्षेत काढलीये. हा अ‍ॅकरमन कोण, ते शोधायला गेले आणि भलताच माणूस सापडला. तो इंजिनिअर नव्हता, चक्क डॉक्टर होता. त्याचं नाव एरॅस्मस डार्विन, म्हणजे आपल्या उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचे आजोबा!

एरॅस्मस यांचा जन्म १२ डिसेंबर १७३१ रोजी इंग्लंडमधल्या एल्स्टन या गावी झाला. केंब्रिज आणि एडिंबरा इथे शिकून ते डॉक्टर झाले. नॉटिंगहॅमला दवाखाना थाटला, पण पेशंटच येईनात. मग १७५६ मध्ये ते लिचफिल्डला आले आणि तिथे मात्र त्यांचं नाव झालं. अंगाने चांगलेच जाडजूड, बोलताना अडखळणारे, पण डोकं अफाट.

त्या काळी पेशंट डॉक्टरकडे येत नसे, डॉक्टरच पेशंटकडे जात असत. त्यामुळे डार्विन वर्षाला हजारो मैल घोडागाडीतून फिरत. गाडीत पुस्तकांची चळत असे, लिहायची सोय असे आणि खायची टोपलीही असे. रस्ते इतके वाईट, की गाडीच्या मागून एक घोडा चालत यायचा, त्याचं नाव डॉक्टर! गाडी पुढे जाईना, की डार्विन त्याच्यावर बसून पेशंट गाठत.

आता मुद्द्याची गोष्ट. तेव्हाच्या चारचाकी गाडीचा पुढचा अख्खा आस मधल्या एका खिळीवर फिरायचा. त्यात दोन भानगडी होत्या. एक म्हणजे, वळताना पुढची चाकं गाडीखाली तिरपी जात, टेकू अरुंद होई आणि गाडी उलटायची भीती असे. दुसरी म्हणजे, एका चाकाला दगड लागला की तो धक्का अर्ध्या आसाच्या लांबीच्या तरफेने सगळा आस फिरवायला बघे. आपल्या भाषेत टॉर्क म्हणजे बल गुणिले अंतर, आणि इथे अंतरच मोठं!

रोज हे धक्के खाणाऱ्या डॉक्टरांनी १७५९ च्या सुमारास वेगळा विचार केला. आस जागेवरच ठेवायचा आणि प्रत्येक चाकाला त्याच्या जवळच स्वतंत्र खिळी द्यायची, म्हणजे अंतर कमी आणि झटकाही कमी. शिवाय दोन्ही चाकं अशी जोडायची, की आतलं चाक बाहेरच्यापेक्षा थोडं जास्त वळेल. आपल्या परीक्षेतली आकृती ती हीच. त्यांनी नुसती आकृती काढली नाही, तशा गाड्या करून घेतल्या आणि त्यांतूनच पेशंट बघत हिंडले.

या गाडीची बातमी ऐकून रिचर्ड एजवर्थ नावाच्या तरुणाने तशीच गाडी बनवली आणि १७६६ मध्ये तो डार्विनना भेटायला आला. गंमत म्हणजे, त्याच्या पत्रावरून डार्विनना तो गाड्या बनवणारा कारागीरच वाटला होता! पुढे दोघांची पक्की दोस्ती झाली. जेम्स वॉट, बोल्टन, वेजवूड, प्रीस्टली अशा मंडळींबरोबर डार्विनही लूनर सोसायटीत होते. ही मंडळी पौर्णिमेच्या आसपास जमत, म्हणजे रात्री घरी जाताना रस्ता दिसे.

पण गाडीने त्यांनाही सोडलं नाही. १७६८ मध्ये स्वतःच बनवून घेतलेल्या एका गाडीतून ते फेकले गेले, गुडघ्याची वाटी फुटली आणि जन्मभर थोडे लंगडत चालले. हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. त्यांची चूक त्यांच्याच पायावर आली, माझी मात्र दुसऱ्याच्या जिवावर येणार होती.

डार्विननी या स्टिअरिंगचं पेटंट कधीच घेतलं नाही. यंत्रांच्या नादी लागलेला डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस जाईल, अशी त्यांना धास्ती होती. १८ एप्रिल १८०२ रोजी डर्बीजवळ त्यांचं निधन झालं. पुढे म्युनिकच्या लँकेनस्पर्गर या गाडी बनवणाऱ्याने तीच रचना केली आणि त्याच्या वतीने १८१८ मध्ये लंडनला पेटंट घेतलं रुडॉल्फ अ‍ॅकरमनने. नाव लागलं ते त्याचं!

आता मामाच्या गाडीकडे येऊ. मला डार्विनचं ते अंतर डोक्यातून जाईना. आपण रिम बाहेर काढले, म्हणजे टायर किंगपिनपासून लांब नेला. डॉक्टरांनी जे अंतर कमी केलं, तेच आपण हौसेने वाढवलं होतं! पण अंतराने धक्का मोठा होतो, नाच चालू राहायला कुठेतरी ढिलेपणा लागतो. म्हणून या वेळी पेशंट नीट तपासला.

गाडी सपाटीवर, चाकं जमिनीला टेकलेली, दोन्हीकडे दगडांची ओट. मी स्टिअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवत होते आणि मामा खाली झोपून एकेका सांध्यावर हात ठेवत होता. उजवा टाय रॉड एंड हाताला खटखट लागला. मग गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं. किंगपिनचं बेअरिंगही ढिलं निघालं. अलाइनमेंटवाल्याने कास्टर मोजला तर तो कमी झालेला, कारण उंचीसाठी टाकलेल्या लांब शॅकलमुळे आस पुढे कलला होता. टाय रॉड एंड आणि बेअरिंग नवीन टाकले, स्प्रिंगखाली पाचर बसवली, जुने रिम परत चढवले आणि चाकं बॅलन्स करून घेतली. डॅम्पर बिचारा ठीकच होता. त्याने फक्त रोग झाकून ठेवला होता, ताप का आला ते न बघता गोळी द्यावी तसा.

आता थरथर पूर्ण गेलीये. पण आजी अजून त्या गाडीत बसायला तयार नाही, आणि मीही आग्रह करत नाही. मामाने परवा विचारलं, गाडी अजून दोन इंच उचलू का? मी म्हटलं, आधी खाली झोपून एकदा बघते, मग सांगते.