रोजनिशीतले नोएल कॉवर्ड

१९८२ साली लंडनमध्ये एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध झाले. इंग्रजी रंगभूमीवरील नामवंत नाटककार, नट, दिग्दर्शक, गीतकार आणि गायक नोएल कॉवर्ड यांच्या खाजगी रोजनिशीचे ते पुस्तक होते. कॉवर्ड यांना जाऊन तेव्हा नऊ वर्षे झाली होती. त्यांचे निकटचे सहकारी ग्रॅहम पेन आणि चरित्रकार शेरिडन मॉर्ले यांनी संपादित केलेल्या या पुस्तकात १९४१ पासून १९६९ पर्यंतच्या नोंदी आहेत.

कॉवर्ड म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर एक ठरलेले चित्र उभे राही. अंगात रेशमी गाऊन, बोटांत लांब नळीतली सिगारेट, ओठांवर कोणत्याही प्रश्नाला चुरचुरीत उत्तर. हा माणूस कष्ट करीत असेल किंवा रात्री अस्वस्थ होऊन जागत असेल, असे कोणाच्या मनातही येत नसे. रोजनिशीत भेटणारा माणूस मात्र सकाळी लवकर उठून कामाला बसतो, कर्जाची काळजी करतो, समीक्षकांच्या फटकाऱ्यांनी दुखावतो आणि स्वतःच्या लेखनाचा दर्जा निष्ठुरपणे तपासतो. या दोघांतला खरा कॉवर्ड कोणता, हा प्रश्न आपल्याला सहज पडतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जायला हवे.

नोएल यांचा जन्म १६ डिसेंबर १८९९ रोजी लंडनजवळच्या टेडिंग्टन या गावी झाला. नाताळ अगदी तोंडावर आला होता, म्हणून मुलाचे नाव नोएल ठेवले गेले. वडील आर्थर पियानो विकणाऱ्या कंपनीचे फिरते विक्रेते होते. मिळकत बेताची आणि अनिश्चित. आई व्हायोलेट यांनी पुढे लंडनमध्ये भाडेकरू ठेवून घर चालवले. त्यांचा पहिला मुलगा सहा वर्षांचा होऊन वारला होता. त्यामुळे नोएलवर त्यांचा जीव विशेष जडला. त्याच्या प्रत्येक वाढदिवसाला त्या पदरमोड करून त्याला नाटक दाखवायला नेत. शाळेत तो फारसा रमला नाही आणि फारसा गेलाही नाही. १९११ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, मुलांच्या एका नाटकात तो पगारी नट म्हणून उभा राहिला आणि तेव्हापासून रंगभूमी हीच त्याची शाळा झाली.

या मुलाला वाचनाचे अनावर वेड होते. ई. नेस्बिट या लेखिकेच्या जादूभरल्या कथा तेव्हा एका मासिकातून क्रमशः येत. तो जुने अंक मिळवून त्या वाचत असे. एकदा मधलेच काही अंक मिळेनात आणि कथा अर्धवट राहिली. तेव्हा या पठ्ठ्याने आईकडे आलेल्या पाहुणीचा पोवळ्यांचा हार लांबवला, गहाण टाकला आणि आलेल्या पाच शिलिंगांत ते पुस्तक विकत घेतले. मोठेपणी आत्मचरित्रात त्यांनी ही चोरी मोकळेपणाने सांगितली आहे. चोरीचे समर्थन कोणी करणार नाही. पण ती कशासाठी झाली, हेही विसरता येत नाही.

१९२४ साली लंडनच्या हॅम्पस्टेड भागातील एका छोट्या नाट्यगृहात त्यांचे ‘द व्हॉर्टेक्स’ हे नाटक आले. अमली पदार्थांच्या आहारी गेलेला तरुण आणि तारुण्य धरून ठेवू पाहणारी त्याची आई, हा विषय त्या काळच्या प्रेक्षकांना हादरवणारा होता. तरुणाची भूमिका कॉवर्ड यांनी स्वतःच केली. पंचविशीच्या या नाटककाराचे नाव एका रात्रीत सर्वतोमुखी झाले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये त्यांच्या चार कलाकृतींचे प्रयोग एकाच वेळी चालू होते. १९२७ साली ‘सिरोको’ कोसळले, तेव्हा त्याच प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडवली. पण १९३० मध्ये ‘प्रायव्हेट लाइव्हज’ आले आणि बालपणापासूनची मैत्रीण गर्ट्रूड लॉरेन्स हिच्याबरोबर त्यांनी रंगमंच गाजवला. पूर्वेकडच्या प्रवासात, शांघायच्या हॉटेलात तापातून उठत असताना, ते नाटक त्यांनी चार दिवसांत लिहून काढले होते. त्यांना स्वरलेखन येत नसे. ते पियानोवर कानाने वाजवीत आणि दुसरे कोणी ते टिपून घेई. तरीही त्यांची गाणी देशोदेशी गेली.

रोजनिशी सुरू होते ती दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत. १९४१ साली बॉम्बहल्ल्यात लंडनमधल्या त्यांच्या राहत्या घराची नासधूस झाली. त्यानंतर ते वेल्समधील पोर्टमेरियन या समुद्रकाठच्या गावी गेले आणि आठवडाभरात ‘ब्लाइद स्पिरिट’ हे प्रहसन लिहून परतले. विषय होता मृत पत्नीच्या भुताचा. रोज माणसे मरत असताना मरणावर हसणारे नाटक आणावे काय, असा आक्षेप घेतला गेला; पण प्रेक्षकांना तेच हवे होते. नाटकाचे १,९९७ प्रयोग झाले. पुढे १९५७ साली अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांच्या ‘द माऊसट्रॅप’ने तो विक्रम मोडला, तेव्हा कॉवर्ड यांनी लेखिकेला अभिनंदनाची तार केली.

याच सुमारास त्यांच्या मनाला एक जखम झाली. युद्धकाळात परदेशी चलन सरकारजमा करण्याचा कायदा होता. सरकारी कामासाठी अमेरिकेत फिरताना त्यांनी तिथले आपले पैसे खर्च केले होते. त्याबद्दल त्यांच्यावर खटला होऊन दंड झाला. दुसरीकडे, त्यांचे स्नेही लॉर्ड माउंटबॅटन यांची ‘केली’ ही युद्धनौका क्रीटजवळ बुडाली होती. त्या घटनेवरून कॉवर्ड यांनी १९४२ साली ‘इन विच वी सर्व्ह’ हा चित्रपट केला. लेखन, संगीत, प्रमुख भूमिका आणि डेव्हिड लीन यांच्यासह दिग्दर्शन, हे सारे त्यांचेच. चित्रपटाने देशाला धीर दिला. राजे सहावे जॉर्ज यांच्या मनात कॉवर्ड यांना ‘सर’ हा किताब द्यावा असे होते. पण पंतप्रधान चर्चिल यांनी त्या दंडाचे कारण दाखवून विरोध केला. हा पत्रव्यवहार २००७ साली प्रसिद्ध झाला. कॉवर्ड यांना मात्र किताबाची अट्ठावीस वर्षे वाट पाहावी लागली.

१९४४ मध्ये माउंटबॅटन यांच्या सूचनेवरून ते सैनिकांचे मनोरंजन करण्यासाठी आपल्या देशातही आले. श्रीलंका, आसाम आणि ब्रह्मदेशाची आघाडी असा तो दौरा होता. बरोबर वादक नॉर्मन हॅकफर्थ आणि एक चिमुकला पियानो. उकाडा, पाऊस आणि दमलेल्या सैनिकांसमोर उघड्यावरचे प्रयोग. लंडनच्या उच्चभ्रू प्रेक्षकांना जिंकणारी गाणी इथे कधी रंगत, कधी फसत. अखेर ते आजारी पडले.

त्याच वर्षी त्यांची आधीच्या पश्चिम आशियाच्या दौऱ्यावरची एक रोजनिशी छापली गेली. ती मुळातच प्रसिद्धीसाठी लिहिलेली होती. तिच्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील काही जखमी सैनिकांबद्दल त्यांनी अनुदार शेरा मारला होता. अमेरिकेत संतापाची लाट उसळली. जी माणसे लढताना जायबंदी झाली, त्यांच्या रडण्याची टिंगल करणे अशोभनीयच होते आणि हा दोष त्यांच्या पदरात घालावाच लागतो. गंमत अशी, की जगासाठी लिहिलेल्या त्या रोजनिशीत त्यांची चतुराई दिसते, आणि स्वतःपुरत्या लिहिलेल्या रोजनिशीत त्यांचे शहाणपण.

युद्ध संपले आणि काळ बदलला. नव्या नाटकांवर समीक्षक तुटून पडू लागले. १९४६ चे ‘पॅसिफिक १८६०’ पडले. वृत्तपत्रांनी त्यांना जुन्या जमान्याचा माणूस ठरवून टाकले. या वर्षांतल्या नोंदी वाचताना जाणवते, की त्यांना दुखावले जाणे लपवता येत होते, टाळता येत नव्हते. ते चिडत, समीक्षकांना मनसोक्त दूषणे देत. मग थोडे शांत झाल्यावर स्वतःचे नाटक पुन्हा तपासत आणि कुठे चुकले ते लिहून ठेवत. दुसऱ्यांच्या नाटकांवरही त्यांची नजर तितकीच कडक असे. शिस्तीच्या बाबतीत तर त्यांच्याकडे सवलत नव्हती. पहिल्या तालमीलाच नटांना संहिता तोंडपाठ हवी, हा त्यांचा दंडक होता. पुढे पुढे रोजच्या नोंदींची जागा बहुधा आठवड्याच्या नोंदीने घेतली. रविवारी बसून मागच्या आठवड्याचा हिशेब मांडावा, तसे ते लिहीत.

१९५२ च्या सप्टेंबरात गर्ट्रूड लॉरेन्स गेली. १९५४ च्या जूनमध्ये आई गेली, एक्क्याण्णव वर्षांची होऊन. घरापासून दूर असताना आयुष्यभर ज्या माउलीला त्यांनी नियमाने पत्रे लिहिली, ती अखेरच्या क्षणी त्यांच्यासमोर होती. शब्दांचा हा जादूगार अशा प्रसंगी थोडक्यात, साधेपणाने लिहितो. नाटकात रडण्याच्या जागी हसवणाऱ्या माणसाला शोक कसा लिहावा हे उत्तम कळत होते.

दुःखाच्या जोडीला पैशाची चणचण होतीच. उत्पन्न मोठे, पण कर आणि खर्च त्याहून मोठे. बँकेचे कर्ज वाढत चालले होते. अशा वेळी १९५५ मध्ये अमेरिकेतल्या लास व्हेगास शहराने त्यांना बोलावले. जुगारघरात आलेले लोक आपली नाजूक, खोचक गाणी ऐकतील काय, ही शंका त्यांना होतीच. पण ते उभे राहिले आणि तिथला प्रेक्षक त्यांच्या प्रेमात पडला. वाळवंटात, रणरणत्या उन्हात, रात्रीच्या मेजवानीचा पोशाख घालून हातात चहाचा पेला घेतलेले त्यांचे छायाचित्र त्याच वेळचे. कर्ज फिटले. पुढच्या वर्षी करांच्या बोजाला कंटाळून त्यांनी इंग्लंडमधले वास्तव्य सोडले. प्रथम बर्म्युडा, नंतर स्वित्झर्लंड. जमैकात समुद्रावरच्या टेकडीवर ‘फायरफ्लाय’ हे छोटे घर त्यांनी बांधले होते. मायदेशातील वृत्तपत्रांनी त्यांना पळपुटे म्हटले.

त्याच १९५६ साली जॉन ऑस्बर्न यांच्या ‘लुक बॅक इन अँगर’ने इंग्रजी रंगभूमीचा नूरच पालटला. दिवाणखान्यांऐवजी गळकी घरे आली, चतुर संवादांऐवजी संताप आला. कॉवर्ड यांनी १९६१ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहून या नव्या लेखकांना खडसावले. इतकेच पाहिले तर एक म्हातारा नाटककार कुरकुरत आहे, असे वाटेल. पण रोजनिशी दुसरी बाजू दाखवते. हॅरॉल्ड पिंटर यांचे ‘द केअरटेकर’ त्यांनी पाहिले, त्यातले कौशल्य ओळखले आणि आपले आधीचे मत बदलले. पुढे त्या नाटकावर चित्रपट निघाला, तेव्हा त्यात त्यांनी स्वतःचे पैसे घातले. सार्वजनिक व्यासपीठावर भांडावे आणि एकांतात न्याय करावा, असा हा स्वभाव. अनेकांचे याच्या उलट असते.

तरीही या रोजनिशीतही एक दार पुरते उघडत नाही. कॉवर्ड यांचे प्रेम पुरुषांवर होते. इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत तो कायद्याने गुन्हा होता. नामांकित माणसांना त्यापायी अटक आणि बदनामी सोसावी लागत होती. ग्रॅहम पेन हे अखेरपर्यंत त्यांचे जीवनसाथी होते, पण त्यांनी हे जाहीरपणे कधी सांगितले नाही. नोंदींतही मोजके, संयत शब्दच येतात. जे रोजनिशीत आले नाही, ते नाटकात आले. १९६६ साली त्यांनी ‘अ साँग अॅट ट्वायलाइट’ रंगभूमीवर आणले. एका कीर्तिमान वृद्ध लेखकाने जन्मभर आपले प्रेम नाकारले आणि त्यापायी माणसे दुखावली, ही त्याची कथा. त्या लेखकाची भूमिका कॉवर्ड यांनी स्वतः केली. प्रकृती ढासळली होती. जो माणूस इतरांकडून तोंडपाठ संहितेची अपेक्षा करी, त्यालाच आता आपले संवाद आठवेनासे झाले होते. लंडनच्या रंगमंचावरची त्यांची ही अखेरची भूमिका ठरली.

मधल्या काळात वारे फिरले होते. १९६३ मध्ये हॅम्पस्टेडमध्येच ‘प्रायव्हेट लाइव्हज’ पुन्हा रंगले. १९६४ मध्ये नॅशनल थिएटरने ‘हे फीव्हर’ करायला घेतले आणि दिग्दर्शनासाठी त्यांनाच पाचारण केले. त्या संस्थेचे प्रमुख लॉरेन्स ऑलिव्हिए हे १९३० च्या ‘प्रायव्हेट लाइव्हज’मध्ये दुय्यम भूमिकेत होते! १९६९ च्या डिसेंबरात सत्तरावा वाढदिवस थाटात साजरा झाला आणि त्या वर्षाबरोबर रोजनिशीही थांबली. १९७० मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला.

२६ मार्च १९७३ रोजी जमैकातल्या ‘फायरफ्लाय’मध्ये हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. त्याच टेकडीवर, त्यांना आवडणाऱ्या समुद्राकडे पाहत, त्यांची समाधी आहे. त्यांच्या बिछान्याजवळ एक पुस्तक ठेवलेले होते. ते ई. नेस्बिट यांचे होते.