गोषाआडचा दस्तऐवज आणि कॉर्नेलिया सोराबजी

मराठी रहस्यकथेच्या वाचकाला गुन्ह्याचा माग काढणारा बहुधा पुरुषच परिचित आहे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार असो वा काळा पहाड, खुनाचा छडा लावण्याचा मान त्यांचा. इंग्रजीत ॲगाथा ख्रिस्ती यांनी 1930 साली मिस मार्पल या वृद्धेला कादंबरीत आणून हा शिरस्ता केव्हाच मोडला. त्याच परंपरेतील सुजाता मॅसी यांची नायिका परवीन मिस्त्री ही 2018 साली वाचकांपुढे आली. 1921 सालच्या मुंबईतील ही तरुण पारशी वकील मलबार हिलवरील एका गिरणीमालकाच्या तीन विधवांच्या इस्टेटीची कागदपत्रे तपासते आणि त्यातूनच एका खुनाच्या चौकशीत ओढली जाते. पुढच्या कादंबरीत ती सह्याद्रीतील एका काल्पनिक संस्थानाच्या राजवाड्यात जाते. दोन्हीकडे स्त्रिया गोषात आहेत. परपुरुषाशी बोलू शकत नाहीत. म्हणूनच जे पोलिसाला कळत नाही, ते या वकील स्त्रीला कळते.

ही कल्पना निराधार नाही. परवीनच्या व्यक्तिरेखेमागे ज्यांच्या चरित्राची प्रेरणा आहे, त्या कॉर्नेलिया सोराबजी महाराष्ट्रातच जन्मल्या आणि वाढल्या. त्यांचा जन्म 15 नोव्हेंबर 1866 रोजी नाशिक येथे झाला. बालपण बेळगाव आणि पुणे येथे गेले. वडील पारशी धर्म सोडून ख्रिस्ती झालेले धर्मोपदेशक, आई पुण्यात शाळा चालविणारी. डेक्कन कॉलेजात शिकून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. त्यांच्या गुणांनी त्या विलायतेतील शिक्षणाच्या सरकारी शिष्यवृत्तीस पात्र होत्या. परंतु केवळ स्त्री असल्यामुळे ती त्यांना नाकारण्यात आली. काही काळ अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात अध्यापन केल्यानंतर हितचिंतकांनी जमविलेल्या पैशावर 1889 साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. तेथे 1892 साली कायद्याची उच्च परीक्षा देणारी ती पहिलीच स्त्री. पदवी मात्र हाती पडली 1922 साली, तब्बल 30 वर्षांनी.

हिंदुस्थानात परतल्यावरही तोच अनुभव आला. 1896 साली पुण्यात खुनाचा आरोप असलेल्या एका स्त्रीच्या बचावासाठी त्या न्यायालयात उभ्या राहिल्या, त्या वकिलाच्या सनदेशिवाय. पुढे 1897 साली मुंबईची एलएल.बी. आणि 1899 साली अलाहाबादची वकिलीची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या; तरीही वकिली करण्याची मुभा मिळाली नाही. स्त्रियांना वकिलीचा मार्ग मोकळा करणारा कायदा होण्यास 1923 साल उजाडावे लागले.

दरम्यान त्यांनी स्वतःसाठी एक वेगळे कार्यक्षेत्र सरकारकडून मागून घेतले. 1904 साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सकडे त्यांची नेमणूक झाली. सरकारी देखरेखीखालील जमीनदाऱ्यांतील विधवा आणि अज्ञान वारस यांचे हित पाहणे, हे त्यांचे काम. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम अशा विस्तीर्ण मुलखात पालखीतून, होडीतून, हत्तीवरून प्रवास करीत त्यांनी सुमारे 20 वर्षांत 600च्या आसपास स्त्रियांना व मुलांना साहाय्य केले.

या कामाचे आर्थिक स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. विधवेच्या नावे इस्टेट असे, पण हिशेब कारभाऱ्याकडे आणि शिक्का भाऊबंदांकडे. तिच्यापुढे येणारा कागद तिला वाचता येत नसे आणि वाचून दाखविणाऱ्याचाच त्यात स्वार्थ असे. अज्ञान वारस दगावला तर कोणाचा लाभ होईल, हे घरातील प्रत्येकास ठाऊक असे. रहस्यकादंबरीत खून आधी होतो आणि चौकशी मागाहून येते. कॉर्नेलियाबाईंची चौकशी खुनाची वेळ येऊ नये म्हणून होती. आणि तिचे साधन होते हिशेबवही, मृत्युपत्र व सहीचा कागद.

अशा यंत्रणेच्या अभावी काय घडते, हे कोल्हापूरला वेगळे सांगावयास नको. येथील तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांच्या छळाविषयीच्या वार्तांनी 1881-82 साली महाराष्ट्र ढवळून निघाला. कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारी पत्रे छापल्याबद्दल टिळक व आगरकर यांना 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले, कारण ती पत्रे न्यायालयात टिकली नाहीत. 25 डिसेंबर 1883 रोजी महाराजांचा अहमदनगर येथे नजरकैदेत अंत झाला. वाड्यातील सत्य आणि न्यायासन यांच्यामध्ये विश्वासार्ह दुवाच नव्हता. ती जागा अफवेने घेतली आणि बनावट कागदांनीही घेतली.

कॉर्नेलियाबाईंच्या मर्यादाही लपविण्याचे कारण नाही. ब्रिटिश सत्ता हीच दुबळ्यांची पाठराखीण, अशी त्यांची धारणा होती. राष्ट्रीय चळवळीला त्यांनी विरोध केला आणि 1927 सालच्या कॅथरीन मेयो यांच्या भारतनिंदक पुस्तकाची बाजू घेतली. त्यामुळे त्या स्वजनांत एकाकी पडल्या. 1929 साली निवृत्त होऊन त्या लंडनला स्थायिक झाल्या आणि 6 जुलै 1954 रोजी तेथेच निवर्तल्या. राजकीय निर्णयात त्या चुकल्या. तथापि निदानात चुकल्या नाहीत. स्त्रीच्या नावावरील मालमत्ता तिला कळल्यावाचून तिची होत नाही, हे ते निदान.

ते आजही लागू पडते. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः समान वाटा महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली दिला. वडील 2005 पूर्वी निवर्तले असले तरी तो वाटा मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले. तरीही उसाच्या शिवारात वडिलांचे दिवस संपताच बहिणींपुढे हक्कसोडपत्र येते. माहेर तुटू नये म्हणून सही होते आणि कागद वाचण्याचा आग्रह धरणारी बहीण लोभी ठरते. येथे गोषा नाही, खूनही नाही. म्हणून रहस्यही कोणाला वाटत नाही.

परवीन मिस्त्रीचे कौतुक करणाऱ्या सुशिक्षित वाचकाने, विशेषतः शिक्षक आणि कचेरीतील लिपिक यांनी, आपल्या घरातील एवढे एक तरी पाहावे: बहिणीने सही करण्यापूर्वी तो कागद तिने स्वतः वाचला आहे काय, आणि तिच्या वाट्याची किंमत तिला कोणी सांगितली आहे काय. कॉर्नेलिया सोराबजी होडीत बसून कोसच्या कोस गेल्या त्या याच दोन प्रश्नांसाठी. येथे तर अंतर माजघरापर्यंतचेच आहे.