हजेरी बंद करणारा राजा



निपाणीहून कोल्हापूरच्या वाटेला लागले म्हणजे थोड्याच वेळात कागल येते. या कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतराव नावाचा मुलगा जन्मास आला. १८८४ साली तो कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला व १८९४ साली त्याने राज्यकारभार हाती घेतला. तेच राजर्षी शाहू छत्रपती. १९०२ साली त्यांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीतील ५० टक्के जागा राखून ठेवल्या, हे आपली मुले शाळेत शिकतात. परंतु त्यांच्या चरित्रातील एक पान आपण फारसे उघडत नाही. ते हजेरीचे पान आहे.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. काही जमाती जन्मानेच चोर आहेत, असे त्यात धरले होते. १९११ साली नवा कायदा होऊन त्याचा अंमल मुंबई इलाख्यातही सुरू झाला, आणि आपला बेळगाव जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता. कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी व बेरड यांना गावच्या अंमलदारापुढे हजेरी द्यावी लागे. ज्याने कधी कोणाची काडी उचलली नाही, त्याचीही यातून सुटका नव्हती.

अंमलदारांचे म्हणणे असे की, चोऱ्या व दरोडे खरोखरच होतात, आणि त्यात गरिबाचेही घर धुऊन निघते. म्हणून आधीच नजर ठेवलेली बरी. हे म्हणणे अगदीच पोकळ होते असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या घरचे धान्य चोरीला गेले, त्याचे दुःखही खरेच असते.

दुसरे काही भले लोक म्हणत, या लोकांना एका जागी ठेवून सुधारावे. सोलापुरात अशी तारेच्या कुंपणाची वसाहत झाली, आणि ती काही वर्षे आपल्याच अमेरिकन मराठी मिशनने चालवली. तेथे सेवा झाली, मुलांना अक्षरओळख झाली. तरी कुंपण ते कुंपणच. आत जन्मलेल्या बाळाने कोणता गुन्हा केला होता, हा प्रश्न आपल्या मंडळीनेही स्वतःला विचारला पाहिजे.

शाहू महाराजांनी तिसरी वाट धरली. ज्याला रोज हजेरीला उभे राहावे लागते, तो परगावी मजुरीला जाणार कसा? मजुरी नाही म्हणजे भूक, आणि भुकेतून पुन्हा चोरी. हे चक्र तोडण्यासाठी १९१८ साली त्यांनी आपल्या संस्थानातील या चार जातींची हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर लोक गावाजवळ फिरकू देत नसत. महाराजांनी त्यांना जवळ बोलावले, काम दिले, आणि सोनतळीच्या आपल्या मुक्कामी त्यांनाच पहाऱ्यावर ठेवले. ज्यांना सारे चोर म्हणत, त्यांच्या भरवशावर राजा झोपू लागला.

याचा अर्थ चोरीला शिक्षा नको, असा नव्हे. संस्थानात फौजदार होते, तुरुंगही होता. पण शिक्षा कृत्याला असावी, जन्माला नव्हे, एवढेच त्यांनी दाखवून दिले.

६ मे १९२२ रोजी महाराज मुंबईत वारले. मुंबई प्रांतातील तो कायदा १९४९ साली गेला, आणि साऱ्या देशातून १९५२ साली. कायदा गेला तरी संशय गेला नाही. बेळगावजवळच्या यमनापूरचे भीमराव गस्ती यांनी 'बेरड' या आत्मकथनात आपल्या समाजाला स्वातंत्र्यानंतरही काय सोसावे लागले, ते लिहून ठेवले आहे. अगदी २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाला तुरुंगांच्या नियमांतील जातिभेद रद्द करावा लागला.

हा संशय फक्त पोलीस ठाण्यातच राहतो असे नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीत अर्पणाची पितळी थाळी दिसेनाशी झाली. गावाबाहेरच्या वस्तीतील एक मुलगा नुकताच रविवारच्या शाळेत येऊ लागला होता. कोणी काही बोलले नाही, पण सर्वांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. आमचीही वळली. चौथ्या दिवशी थाळी कपाटामागे सापडली. मुलगा मात्र पुढच्या रविवारी आला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो, पण त्याच्या आईने आम्हांला दारातूनच परत पाठवले. ती चावडीवरची हजेरी आम्हीच पुन्हा घेतली होती.

प्रभू येशू जक्कयाच्या घरी उतरला, तो जक्कयाने लुबाडलेले परत करण्याचे कबूल केल्यावर नव्हे, तर त्याच्या आधी. विश्वास आधी आला, पालट मागून आला. रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना आमची एवढीच विनंती आहे: जक्कयाचा पाठ शिकवाल तेव्हा कागलच्या या राजाची गोष्टही मुलांना सांगा. आणि वर्गात काही हरवले, तर कोणाच्या तोंडाकडे पाहण्याआधी कपाटामागे पाहा.