डेटाबेसचे दात बघणारा माणूस : जिम ग्रे

डीबीएमएसच्या पेपरला ट्रॅन्झॅक्शन, लॉकिंग, रिकव्हरी असे शब्द आपण सगळेच घोकतो. पण मित्रांनो, या शब्दांमागे कोण माणूस होता हे आपल्याला क्लासमध्ये सहसा कुणी सांगत नाही!

जेम्स निकोलस ग्रे, म्हणजे सगळ्यांचे जिम, यांचा जन्म १९४४ चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. १९६९ मध्ये त्यांनी बर्कलेहून पीएच.डी. केली. तिथल्या कॉम्प्युटर सायन्स विभागाची ती पहिलीच पीएच.डी. नंतर ते आयबीएममध्ये गेले. कॉड यांचं रिलेशनल मॉडेल १९७० पासून कागदावर होतं, पण ते पुरेसं वेगात चालेल का, याबद्दल लोकांना शंकाच होती. ते चालवून दाखवणाऱ्या सिस्टिम आर प्रोजेक्टमध्ये ग्रे होते. शेकडो लोक एकाच वेळी डेटा बदलत असले तरी हिशोब चुकू नये, हा त्यांचा खास विषय.

१९८० मध्ये ते टँडम कंपनीत आले आणि खरी गंमत इथे सुरू झाली. प्रत्येक कंपनी म्हणायची, आमचाच डेटाबेस फास्ट. टेस्ट ज्याची त्याची, सोयीची! आमच्या तिसगावजवळ मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरतो. तिथे विकणाऱ्याच्या शब्दावर कोणी गाढव घेत नाही, तोंड उघडून दात बघतात. पण डेटाबेसचे दात कुठे असतात?

ग्रे यांनी ते शोधले. त्यांनी एक टेस्ट लिहून वेगवेगळ्या कंपन्यांतल्या ओळखीच्या लोकांना पाठवली, सूचना घेतल्या आणि १ एप्रिल १९८५ च्या 'डेटामेशन' मासिकात ती लेखकाच्या नावाशिवाय छापून आली. टेस्ट एकदम साधी. एक बँक समजा. कोणीतरी पैसे भरतो किंवा काढतो. त्याचं खातं, कॅशियरची शिल्लक आणि शाखेची शिल्लक बदलायची, व्यवहाराची नोंद करायची. सेकंदाला १०० व्यवहारांचा दावा असेल तर १००० शाखा, १०,००० कॅशियर आणि १ कोटी खाती धरायची. ९५ टक्के व्यवहार एका सेकंदाच्या आत उरकले पाहिजेत. आणि नुसता वेग नाही, सिस्टिमचा पाच वर्षांचा खर्चही सांगायचा. मला हीच अट सगळ्यात आवडते, कारण महागडं मशिन आणून फास्ट पळवण्यात कसलं कौतुक?

अर्थात पळवाटा निघाल्याच. टर्मिनल आणि नेटवर्क वगळून कंपन्या मोठमोठे आकडे छापू लागल्या. म्हणून ऑगस्ट १९८८ मध्ये ओमरी सर्लिन यांच्या पुढाकाराने टीपीसी ही संस्था निघाली आणि १९८९ मध्ये ग्रे यांच्या टेस्टवरूनच टीपीसी-ए हे बेंचमार्क आलं. पुढे बाहेरच्या ऑडिटरची तपासणीही आली.

त्याआधी १९८३ मध्ये विस्कॉन्सिनचे प्राध्यापक डेव्हिड डेविट यांनी कंपन्यांच्या नावांसकट निकाल छापले होते. ऑरॅकलचे आकडे वाईट आले. नंतर परवानगीशिवाय बेंचमार्कचे निकाल छापायचे नाहीत, असं कलम लायसन्समध्ये आलं. त्याला लोक डेविट कलमच म्हणतात! म्हणजे डेटाबेस विकत घ्या, पण तो स्लो आहे हे बोलू नका.

१९९५ पासून ग्रे मायक्रोसॉफ्टमध्ये होते. १९९८ मध्ये त्यांना ट्युरिंग अवॉर्ड मिळालं. मग ते ॲलेक्स झालाय या शास्त्रज्ञांबरोबर आकाशाच्या मागे लागले. टेलिस्कोपचा प्रचंड डेटा त्यांनी एसक्यूएलमध्ये बसवला आणि २००१ मध्ये स्कायसर्व्हर सगळ्यांना खुला झाला. अशाच विचाराचं व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी इंडियाचं काम आपल्या पुण्यात आयुका आणि पर्सिस्टंट सिस्टिम्सने मिळून केलं.

२८ जानेवारी २००७ ला ग्रे आईच्या अस्थी समुद्रात सोडायला आपल्या टेनेशस या शिडाच्या बोटीतून एकटेच फॅरलॉन बेटांकडे निघाले. परत आलेच नाहीत. कोस्ट गार्डने चार दिवस शोधलं. मग मित्रांनी सॅटेलाइटचे फोटो मिळवले, त्यांचे हजारो तुकडे केले आणि जगभरातल्या व्हॉलंटिअर्सनी इंटरनेटवर बसून त्यात ती बोट शोधली. बोट मिळाली नाही. कोर्टाने २०१२ मध्ये त्यांना मृत घोषित केलं.